चाळीस ग्रॅम साखर

डॉक्टर या लॅबमध्ये रुजू झाले त्या दिवशी आक्कांनी त्यांना तीन वेळा बाहेर काढलं. पहिल्यांदा बुटांसकट आत आले म्हणून. दुसऱ्यांदा हात न धुता कपाट उघडलं म्हणून. तिसऱ्यांदा, "काय शिजतंय?" असं विचारत पातेल्यावरचं झाकण उचललं म्हणून. त्या वेळी आक्कांच्या हातातला डाव असा काही वर गेला, की डॉक्टरांच्या तिन्ही पदव्या जागच्या जागी गळून पडल्या. चौथ्यांदा ते खिडकीतून आत आले असं सांगतात. खिडकी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि डॉक्टर अंगाने भरलेले आहेत, त्यामुळे यावर फारसं कोणी विश्वास ठेवत नाही. पण लॅब डॉक्टरांच्या हाताखाली आणि डॉक्टर आक्कांच्या हाताखाली, हे त्या दिवशी ठरलं ते ठरलंच.

आक्का बुरशीच्या स्वयंपाकीण. हॉस्पिटलमधून नखं, केस, थुंकी असे नमुने यायचे. त्यांत रोगाची बुरशी आहे का हे कळायला तिला आधी खाऊ घालून वाढवावं लागतं. ते खाद्य आक्का शिजवायच्या आणि चपट्या, झाकणाच्या प्लेटांमध्ये ओतून थिजवायच्या. बावीस वर्षं. घरी त्यांच्या हातची भाजी एक दिवस खारट, एक दिवस अळणी. पण लॅबमधल्या स्वयंपाकाला बुरशीने कधी नावं ठेवली नव्हती.

त्यांची खासियत म्हणजे कारळ्यांची प्लेट. कबुतरांच्या वाळक्या विष्ठेत एक बुरशी सापडते. ती श्वासातून फुफ्फुसात उतरते आणि एखाद्याच्या मेंदूपर्यंत जाते. दिसायला मात्र कुणाच्याही तोंडात असते तशा साध्या बुरशीसारखी, पांढरट, गरीब. कारळ्यांच्या अर्कावर वाढवली की तिचं बिंग फुटतं. ती तपकिरी होते, साध्या बुरश्या पांढऱ्याच राहतात. तो रंग खरं तर तिचं चिलखत. शरीराचा मारा ती त्याच्यावर झेलते. प्लेटवर तोच रंग तिची चहाडी करतो. अट एकच, साखर चिमूटभर घालायची.

"पोट भरलं की ही बया रंग करत नाही, नुसती लोळते," आक्का सांगायच्या. "आमच्या दादासारखी."

दादा म्हणजे आक्कांचा थोरला भाऊ. घड्याळं दुरुस्त करता करता म्हातारा झालेला, आणि गच्चीवर तीसएक कबुतरं पाळणारा. आक्का प्लेटांसाठी कारळे न्यायच्या ते त्याच्याच पोत्यातून.

"माझ्या पाखरांच्या तोंडचा घास काढतेस, बुरशीबाई," तो म्हणायचा.

"तुझी पाखरं उडता येईना इतकी फुगलीत. थोडं कमी खाल्लं तर तुझ्यावर उपकार होतील."

त्या वर्षी दादाला खोकला लागला. महिनाभर हटला नाही. मग डोकं दुखायला लागलं, ताप आला, कपडे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टरांनी कबुतरांचं ऐकलं आणि पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी तपासू म्हणाले. दादाने साफ नकार दिला.

"घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की ते पहिल्यासारखं चालत नाही," तो म्हणाला. "चाळीस वर्षं हेच बघतोय. थुंकी घ्या हवी तेवढी."

थुंकी सोमवारी आली. त्याच सकाळी आक्कांनी दोन पातेली चढवली होती, एक साध्या खाद्याचं आणि एक कारळ्यांचं. ओट्यावर कागदाच्या दोन पुड्यांत साखर तोलून ठेवली होती. साध्यासाठी चाळीस ग्रॅम, कारळ्यांसाठी एक. तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"वन्सं, हे सकाळपासून तीनदा ओकले. आणि कबुतरांना हाका मारतायत, पण नावं आठवत नाहीत. मला म्हणाले, तू कोण गं?"

"चेष्टा करत असेल."

"चेष्टा केली की हसतात ना ते. आज हसले नाहीत."

आक्कांनी फोन खांद्याने कानाशी धरला, पुड्या पातेल्यांत रिकाम्या केल्या आणि ढवळलं.

एरवी नव्या खाद्याची परीक्षा आधी जावयावर व्हायची. लॅबच्या फ्रिजमध्ये त्याच बुरशीचा एक जुना, खात्रीचा नमुना जपून ठेवलेला होता. नवं खाद्य पहिल्यांदा त्याला वाढायचं आणि तो तिसऱ्या दिवशी तपकिरी झाला की मगच रोग्यांसाठी वापरायचं, हा नियम. सगळं आधी त्याला, म्हणून आक्का त्याला जावई म्हणायच्या. त्या सोमवारी त्यांनी जावयाला वगळलं आणि दादाची थुंकी थेट नव्या प्लेटवर घातली. बावीस वर्षांत खाद्य कधी बिघडलं नव्हतं, आणि दादाला तीन दिवस थांबवायचं त्यांच्या जिवावर आलं.

शुक्रवारी प्लेटवर बुरशी आली. गुबगुबीत, सायीसारखी, पांढरी.

"तोंडातलीच आहे, साधी," डॉक्टर म्हणाले. "आपण समजत होतो ती नाही, आक्का. सुटलात."

आक्कांनी त्याच पावली फोन केला. वहिनी रडली. दादा पलीकडून म्हणाला, "बघ, माझी पाखरं निर्दोष सुटली." त्याला औषध सुरू झालं ते साध्या खोकल्याचं.

पुढच्या सोमवारी डॉक्टर नखांच्या नमुन्यांच्या प्लेटा उजेडात धरून बघत होते. साध्या खाद्यावरच्या त्या बुरश्या किडकिडीत, जेमतेम तग धरून होत्या.

"आक्का, हल्ली पोरांना उपाशी ठेवता का?" ते हसत म्हणाले. "तुमच्याकडे येऊन बारीक झालेली बुरशी मी पहिल्यांदा बघतोय."

आक्का हसल्या नाहीत. साध्या खाद्यावरची उपाशी. कारळ्यांवरची गुबगुबीत. त्यांच्या डोळ्यांपुढे दोन पुड्या आल्या. कुठली कशात गेली हे काही केल्या आठवेना. आठवत होता फक्त वहिनीचा आवाज.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बावीस वर्षांचं नाव असतं, आणि माणूस आधी स्वतःची खात्री करून घेतो. आक्कांनी उरलेल्या कारळ्यांच्या प्लेटांतली एक काढली, तिच्यावर जावयाला वाढलं आणि उबवणीच्या कपाटात अगदी मागे सरकवली. मंगळवारी त्यांनी ते कपाट अकरा वेळा उघडलं. बुधवारी वहिनीने सांगितलं, की दादा दाराच्या चौकटीवर आपटला, त्याला दोन दारं दिसली. आक्का म्हणाल्या, अशक्तपणा असेल. गुरुवारी त्यांनी प्लेट बाहेर काढली. बावीस वर्षांत एकदाही न चुकलेला जावई खाऊन पिऊन टम्म झाला होता. पांढराशुभ्र.

ती प्लेट त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"हा जावई आहे," त्या म्हणाल्या. "मी पुड्यांची अदलाबदल केली. दादाची प्लेट खोटी आहे. मला सोमवारीच शंका आली होती."

डॉक्टरांनी प्लेटकडे बघितलं, मग आक्कांकडे. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "चला, त्यांना आत्ता घेऊन यायचंय." आणि जाताना बूट घालायला विसरले.

दादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. आक्का त्याच्या उशाशी बसल्या.

"पाठीत सुई घ्यावी लागेल, दादा."

"का? प्लेट साफ आहे म्हणालीस ना."

"प्लेट चुकली. माझ्या हातून साखर जास्त पडली."

दादा भिंतीकडून इकडे वळला.

"घरी चहात घालताना हात आखडतो तुझा," तो म्हणाला. "बुरशीला बरी भरभरून घातलीस." मग त्याने हात पुढे केला, पण तो आक्कांच्या खांद्यापासून वीतभर लांब, उशीवर पडला. "चल. उघडा म्हणावं झाकण."

मणक्यातल्या पाण्यात बुरशी त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. इंजेक्शनं सुरू झाली. ती घेताना दादा असा थडथडायचा, की पलंग सरकायचा आणि वहिनी तो पायाने अडवून धरायची. आक्कांनी नवं खाद्य शिजवलं. साखर तीनदा तोलली, आधी जावयाला वाढलं आणि मग दादाच्या बुरशीला. आपापल्या तिसऱ्या दिवशी दोघेही तपकिरी झाले. एवढा सुंदर रंग आपल्या हातून कधी उतरला नव्हता, असं आक्कांच्या मनात येऊन गेलं, आणि त्यांनी दोन्ही प्लेटा पालथ्या घातल्या.

दादा वाचला. वर्षभर गोळ्या घेतल्या. दोन्ही डोळे मात्र गेले. आठवडाभर आधी औषध मिळालं असतं तर राहिले असते का, असं आक्कांनी डॉक्टरांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. कबुतरं वहिनीने देऊन टाकली. लॅबमध्ये आता कारळ्यांच्या प्लेटा बाहेरून तयार येतात.