नंबरप्लेटभोवतीचं कोलम

वेस्ट मांबलममध्ये राणोजीरावांना त्यांच्या नावाने कोणी ओळखत नाही. सगळ्यांचे ते रावसार. बाविसाव्या वर्षी तंजावरहून चेन्नईला आले, एका लेथवाल्याकडे काही वर्षं हात काळे केले आणि मग मांबलम स्टेशनच्या मागच्या गल्लीत स्वतःचं दुकान थाटलं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. तिथे बसून त्यांनी छत्तीस वर्षं गाड्यांच्या नंबरप्लेटभोवती बसवायच्या पितळी चौकटी केल्या. मोर, वेलबुट्टी, शंखचक्र, लग्नाच्या गाडीला हंसांची जोडी. टी. नगरच्या साडीवाल्या शेठांना चौकट लागायची ती रावसारांचीच.

माणसाला आपल्या कामाचा अभिमान असावा, पण रावसारांचा जरा उतू जात असे. चौकट बसवून झाली की बोल्टांची डोकी ते कानशीने घासून पार सपाट करत. पाना लागणार नाही, पेचकस बसणार नाही. "आता चोर काय, चोराचा बाप आला तरी निघायची नाही," असं गिऱ्हाइकाला ऐकवत. खरंच निघत नसे. ती काढायची तर दुकानातलं ड्रिलच हवं, आणि ते चालवायला रावसार हवेत.

मग पोलिसांनी या चौकटींविरुद्ध मोहीम उघडली. चौकटीच्या काठाखाली आकड्यांची टोकं झाकली जातात, कॅमेऱ्याला नंबर वाचता येत नाही, म्हणून नाक्यानाक्यावर गाड्या अडवायला लागले. जुनी गिऱ्हाइकं तणतणत दुकानात यायची. रावसारांनी महिनाभर दुसरं काही केलं नाही, फक्त आपल्याच हाताने बसवलेल्या चौकटी उतरवल्या. एकाही गिऱ्हाइकाकडून पैसा घेतला नाही. कोपऱ्यात पितळेचा ढीग साठला. त्याकडे पाठ करून बसायची त्यांनी सवय लावून घेतली.

एक चौकट मात्र राहिली. ती त्यांच्याच गाडीवर होती.

तिची गोष्ट अशी. त्यांच्या पत्नी सईबाई लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून रोज पहाटे दारात कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, काढत. ठिपक्यांना वळसे घेत जाणारी ती एकसंध रेघ बघायला शेजारच्या तमिळ बायकाही थांबत. दोन वर्षांपूर्वी सईबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिस सुरू व्हायच्या आदल्या पहाटे त्यांनी भिंतीला धरून, दोनदा दम खात, शेवटचं कोलम काढलं. त्या आत गेल्यावर रावसारांनी त्यावर पातळ कागद अंथरला आणि रस्त्यावर पालथं पडून पेन्सिलीने सगळं उतरवून घेतलं. दूधवाला हसला. हसेना का. पुढे बायकोची ने-आण करायला त्यांनी जुनी छोटी गाडी घेतली, तेव्हा ते कोलम पितळेत ठोकून तिच्या नंबरप्लेटभोवती बसवलं. बोल्टांची डोकी अर्थातच घासली.

सगळ्यांच्या चौकटी उतरवणाऱ्या माणसाला स्वतःची उतरवता आली नाही. पोलीस पोरासोरांच्या बाइक अडवतात, आजारी बायकोला घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्याला कोण अडवतंय, असं ते स्वतःला समजावत राहिले. शहाणी माणसं असाच गाढवपणा करतात.

त्या गुरुवारी सईबाईंची दहाची पाळी होती. मंगळवारी रक्तदाब घसरल्यामुळे मशीन दोन तासांतच बंद करावं लागलं होतं. अंगात पाणी साठलेलं. दोन रात्री त्या आडव्या होऊ शकल्या नव्हत्या, उशीला टेकून बसूनच काढल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, गुरुवारची पाळी चुकवू नका. आणि डायलिसिस केंद्राचा नियम साफ होता: साडेदहापर्यंत आला नाहीत तर खुर्ची दुसऱ्याला.

सैदापेट ओलांडलं आणि फौजदाराने हात केला. पावणेदहा झाले होते.

तरणा होता, बोलायला सभ्य होता. गाडीमागे वाकून त्याने प्लेट पाहिली. "सार, शेवटचे दोन आकडे अर्धे झाकलेत. काढा आणि जा," तो तमिळमध्ये म्हणाला.

"डायलिसिसला चाललोय, सार. परत येताना काढतो."

"सगळे तेच म्हणतात. काढा."

रावसारांनी डिकी उघडली. हातोडी होती, छिन्नी होती, पेचकस होता. ड्रिल दुकानात होतं. पेचकस बोल्टावर टेकवला की घसरे. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. आपण किती गुळगुळीत घासलंय हे त्यांना पहिल्यांदाच दुसऱ्याच्या नजरेने दिसलं. शर्ट पाठीला चिकटला. आतून सईबाईंचा श्वास ऐकू येत होता, भरलेल्या घागरीतून हवा जावी तसा. दहा वाजले.

फौजदारही घड्याळ बघत होता. त्याला म्हातारीची दया आली असावी. "हे बसवलं कोणी? असल्या दुकानांची यादी करतोय आम्ही. दुकान सांगा, मी लिहून घेतो, तुम्ही निघा. चौकट उद्या काढून घ्या."

सुटका समोर उभी होती. पण मीच, असं म्हटलं तर हा जबाब घेणार, ठाण्यावर चला म्हणणार, आणि खुर्ची जाणार. रावसारांनी एक क्षणही दवडला नाही.

"पल्लावरमकडे कुठंतरी बसवली, सार. दुकानाला पाटीसुद्धा नव्हती. दारुडा होता तो. फसवलं मला. कामाची अक्कल नाही, लोकांच्या गाड्या नासवतो."

एकदा तोंड सुटल्यावर ते थांबेनात. फौजदाराने लिहून घेतलं, वही मिटली आणि जा म्हणून हात हलवला.

तेवढ्यात मागच्या खिडकीची काच खाली आली.

"खोटं आहे ते," सईबाई तमिळमध्ये म्हणाल्या. दर दोन शब्दांनी त्यांना थांबावं लागत होतं. "यांनीच केलीय. खाली कोपऱ्यात नाव कोरलंय, बघा. ते माझं कोलम आहे."

फौजदार पुन्हा वाकला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव होतं, ते प्रत्येक चौकटीवर असे. त्याने वही पुन्हा उघडली. मग म्हणाला, "आता मला असं सोडता येणार नाही, सार. तुम्ही केलंय, तुम्हीच काढा."

रावसारांनी छिन्नी लावली आणि हातोडी मारली. पितळ सहज तुटेना. चांगलं काम केल्याचा इतका राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता. प्रत्येक घावाला गाडी हादरत होती आणि आत सईबाई हादरत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. चौकट चार तुकड्यांत निघाली तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. फौजदाराने नाव-पत्ता उतरवून घेतला आणि तुकडे खिडकीतून सईबाईंच्या मांडीवर ठेवले.

केंद्रात पोचले तेव्हा खुर्चीवर दुसरा माणूस होता. त्याच्या नळ्यांतून रक्त फिरत होतं, त्याला उठवणार कोण? नर्स शर्मिष्ठा वाईट वाटून म्हणाली, "चारला एक खुर्ची मोकळी होईल, आजोबा. त्याआधी दम वाढला तर लगेच हाक मारा." तिने ऑक्सिजनची नळी लावून दिली आणि ती आपल्या कामाला गेली.

दोघं बाकावर बसले. रावसारांनी कितीतरी वेळ दात आवळून धरले, शेवटी धरवेनात.

"त्यानं जायला सांगितलं होतं ग," ते म्हणाले. "वही मिटली होती त्यानं. कशाला बोललीस? एका कोलमासाठी?"

"कोलमाचं काय," सईबाई म्हणाल्या. "सकाळी काढलेलं दुपारी पायाखाली जातंच की. मी कधी रडले का त्याला?" त्या थांबल्या, दोन-तीन श्वास गोळा केले. "तुम्ही त्या माणसाला दारुडा म्हणालात. फसवा म्हणालात. अक्कल नाही म्हणालात."

"तुझ्यासाठीच ना ग."

"सरि, बरं. पण त्या माणसाशी मी एकोणचाळीस वर्षं संसार केलाय."

सईबाईंनी पदरात धरून आणलेले तुकडे मांडीवरून घसरत होते, ते रावसारांनी उचलून आपल्या पिशवीत घातले. मग बायकोची पाठ आपल्या खांद्याला टेकवून ते तिचे श्वास मोजत बसले. समोरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.