मला कुठं दुखायचं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, डाळजला दिलेल्या सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडते रोज, पण तिथंही तोंडातून काढलं नाही — त्याला ठाऊक असेल तर असेल, मी होऊन सांगायला गेले नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही उद्या माझ्या ओट्यावर चहाला येणार नाही. आणि आधीच बजावते, मी काही डोळ्याला पदर लावून बसलेले नाही. माफी मागायची असती तर ती ज्याच्याकडं मागायची ते माणूस भिंतीपलीकडंच आहे.

त्यातलं सोपं ते आधी सांगते.

आम्ही वडगाव निंबाळकरचे. घरात दोघी जावा, मी थोरली आणि मंगल धाकटी. घर एक, चूल एक, गोठा एक. मी लग्न होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूनं मला एका मारक्या गाईखाली बसवलं. गाय गुमान उभी राहिली. "हिचा हात लागतोय गाईला," सासू म्हणाली. त्या एका कौतुकानं माझा जन्म गोठ्यात गेला. पहाटे उठून शेण काढायचं, वैरण टाकायची, धारा काढायच्या, कॅन भरून डेअरीच्या गाडीपर्यंत न्यायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. धारा काढायचं मशीन घेऊ, घेऊ म्हणत घरात दोन ट्रॅक्टर आले, मशीन आलं नाही. का येईल? माझा हात लागत होता ना गाईला! मंगल आली तशी तिच्याकडं चूल गेली. ती काही सुखात होती असं नाही, पण निदान सावलीत होती.

मग माझ्या पोटात दुखायला लागलं. बारामतीला नेलं. पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, पोटाला चार बारकी भोकं. पहिले दिवस वाईट गेले, ते नाकारत नाही. पोटात गॅस भरतात म्हणे, तो खांद्यात जाऊन बसला होता. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची, आणि हसू आलं तरी तेच. फोडणीचा वास आला तरी मळमळायचं. पण माणूस बरं होतंच की. टाके सुकले, भूक लागायला लागली, आणि दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता थोडे दिवस जड उचलू नका, मग सगळी कामं करा, काही होत नाही.

आमचे हे तेव्हा खाली गाडी काढायला गेले होते. डॉक्टरांचं बोलणं ऐकलं ते मी एकटीनं.

घरी येऊन मी सांगितलं — डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, जड उचलायचं नाही. किती दिवस? नवऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, कायमचं.

बोलले खरी! आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. पित्ताशय काढलं म्हणजे बाईतलं अर्धं बळ गेलं, असं आमच्याकडं तसंही मानतातच. मी फक्त मान हलवली.

याची मला लाज वाटते का? नाही. आजही नाही. सूर्य उगवल्यावर उठणं म्हणजे काय असतं ते मला त्या वर्षी कळलं. चहा दोन्ही हातांत धरून, फुंकर घालून, खुर्चीत बसून प्यायचा असतो हे कळलं. पेपर पहिल्या पानापासून निविदा सूचनांपर्यंत वाचून काढायचे. हाताच्या भेगा भरल्या, नखं बाईसारखी दिसायला लागली. मी नुसतं "दमले" म्हटलं असतं तर कुणी मला खुर्ची दिली असती? आमच्याकडं बाई दमत नाही, बाई आजारी पडते. तर मी आजारी राहिले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा राहीन. इथवर मी कुणाची देणेकरी नाही.

तर — आता पुढचं.

पुढचं म्हणजे मंगल. माझा गोठा तिच्या गळ्यात पडला, आणि चूल तर होतीच. ती बोलली नाही. उलट मला भेटायला माणसं यायची — बिस्किटांचे पुडे, शहाळी घेऊन — त्यांचा चहाही तीच करायची. आणि एक काम तिनं स्वतःहून अंगावर घेतलं होतं. डॉक्टरांनी माझे खडे एका बारक्या बाटलीत घालून दिले होते. देतातच. आम्ही ती शोकेसमध्ये ठेवली होती, लग्नाच्या फोटोशेजारी. कुणी आलं की मंगल हात पुसून यायची, बाटली काढायची, हलवून दाखवायची. "बगा की, कसं हायेत! हरभऱ्यायवढं! आक्कानं कसं सोसलं आसंल!" असा अभिमान, जणू तिनंच ते पिकवलेत.

मला ती आवडायची. हे सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल दावा होता. दावा असता तर सोपं होतं.

एक दिवस मी ओट्यावर बसले होते आणि ती गोठ्यात होती. भरलेला कॅन खाली ठेवला आणि ती खांबाला टेकली. उजवा हात बरगडीखाली दाबून धरला, अंग पुढं झुकवलं, आणि डावा हात मागं — उजव्या खांद्याच्या फऱ्याकडं न्यायला बघत होती, पोचत नव्हता. आदल्या दिवशी घरात मटण झालं होतं, आणि तेलकट खाल्लं की खडे उठतात.

मला कुणी सांगायची गरज होती का? ते उभं राहणं माझं होतं! मी त्याच खांबाला तशीच टेकले होते, तशीच वाकले होते. पेपर माझ्या मांडीवर होता. मी पान उलटलं.

पुन्हा दिसलं. पुन्हा पान उलटलं. ती ओवा-मीठ खायची, सोड्याची पुडी पाण्यात टाकून प्यायची, ढेकर आला की म्हणायची, पित्त झालंय. मी "हं" म्हणायचे. माणूस बघत नाही तेव्हा काहीच दिसत नाही असं नाही हो. मला सगळं दिसत होतं.

आणि मग तिनं विचारलं. एवढं सरळ कुणी कुणाला विचारू नये. दुपारची वेळ, पाहुणे नुकतेच गेले होते. ती बाटली शोकेसमध्ये परत ठेवत होती. पाठमोरीच म्हणाली, "आक्का, खडं व्हतं तवा तुमाला नेमकं कुठं दुखायचं वं?"

मी हात ठेवला. बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला. नेमका उलटा कोपरा गाठला मी पोटाचा.

"हितं," मी म्हटलं.

तिनं वळून बघितलं आणि तिचा चेहरा सुटला. "मग माजं पित्तच हाय. माजं तर हितं वर दुखतंय." आणि हसली. बरं वाटलं तिला!

हाच तो गुन्हा. दोन अक्षरी शब्द आणि एक हात. का केलं? ते तुम्ही ओळखलं असेल, तरी मीच सांगते. घरात राबणाऱ्या बायका दोनच. तिला बारामतीला नेलं असतं तर ती खाटेवर गेली असती आणि मला खुर्चीवरून उठवलं असतं. कायमचं वाकायचं नाही असं सांगितलेली बाई गोठ्यात गेली नसती तर गाई उपाशी, गेली असती तर माझं खोटं उघडं. मला खुर्ची सोडायची नव्हती. याहून मोठं कारण नाही. माझ्या नवऱ्याला विचारलं असतं तिनं, तर? त्याला काय सांगता येणार! बायकोचं पोट दुखतंय, पोटात कुठं ते बघायला त्याला सवड कुठं होती? ते ठाऊक असलेली घरात मी एकटीच होते, आणि तिनं मलाच विचारलं.

उन्हाळ्यात ती गोठ्यात पडली. ओकून ओकून पडली. डोळे हळदीसारखे पिवळे. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, खडा सरकून नळीत अडकलाय, स्वादुपिंड सुजलंय, पुण्याला हलवा. अॅम्ब्युलन्समध्ये भावजी बसले, माझा दीर, आणि दरवाजा लावताना ती मला म्हणाली, "आक्का, गाईच्या धारा राहिल्यात."

मी पदर खोचला आणि गाईखाली बसले. सगळ्या धारा काढल्या. कॅन उचलून गाडीला दिले. मला काहीही झालं नाही. टाका ओढला नाही, कळ आली नाही. गाय वळून माझ्याकडं बघत रवंथ करत होती.

आणि गाव काय म्हणालं, माहितीय? थोरलीचं काळीज बघा! डॉक्टरनी जन्माचं वाकायला बंदी केलीय, आन् जावंसाठी जिवावर उदार झाली! डेअरीवर माझं नाव निघायचं. मी ऐकून घेतलं. खाली मान घालून ऐकून घेतलं, म्हणजे आणखी विनयशील दिसले.

मंगल जगली. पुण्याला बरेच दिवस आयसीयूत काचेआड होती, मग पोट उघडून ऑपरेशन झालं. दुर्बिणीनं जमण्यासारखं राहिलं नव्हतं. उजव्या बरगडीखाली हातभर व्रण आहे. स्वादुपिंडाला जो मार बसला त्यानं साखर मागं लागली, ती जन्माची. आता रोज सुई घ्यावी लागते, पोटात. तिला स्वतःला टोचून घेववत नाही, डोळे मिटते. म्हणून मी देते. रोज सकाळी धारा झाल्या की हात धुते, तिच्या पोटाची चिमूट धरते, व्रणाच्या खाली, आणि सुई घालते. ती दरवेळी म्हणते, "आक्का, तुमचा हात हलका हाय." सासूनंही हाताचंच कौतुक केलं होतं.

गोठ्यात मी आहे. मशीन अजून आलेलं नाही. खुर्ची ओट्यावर आहे, तिच्यात मंगल बसते. हे तुम्हाला न्याय वाटत असेल तर वाटू द्या, मला तो हिशेब मान्य नाही. गोठ्यात राबून सुई बंद होत नाही.

आता आमच्या शोकेसमध्ये दोन बाटल्या आहेत. गावात कुणाच्या पोटात दुखलं की मंगलला विचारायला येतात. परवा शेजारची सून आली, पोट धरून. मंगलनं दोन्ही बाटल्या काढल्या आणि तिला समजावून सांगायला लागली — खड्यात दोन जाती असतात. "माजं हितं दुखायचं, वर. आन् आक्काचं हितं," म्हणत तिनं हात स्वतःच्याच पोटावर ठेवला, बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला, अगदी मी ठेवला होता तिथं. एवढ्या वर्षांत बोटभर हलला नाही. "व्हय ना आक्का?"

दोघी माझ्याकडं बघत होत्या.

मी त्या पोरीला म्हटलं, कुठंही दुखू दे बाई, उद्याच्या उद्या बारामतीला जा आणि सोनोग्राफी कर. गेली ती. तिचं तिनं वेळेवर बघितलं.

पण मंगलला मी "व्हय" म्हटलं होतं.

आज सकाळीही सुई दिली. तिनं पदर बाजूला केला, डोळे मिटले. तो व्रण उजव्या बरगडीखाली सुरू होतो आणि तिरका खाली येतो. जिथं सुरू होतो ना, तिथं. मला तिथंच दुखायचं.