सोनालीची पाठ लागेना

शूटिंगचं असं असतं, पडद्यावर जातं त्याच्या दुप्पट बाहेर सांडतं. आमच्या कागलकडच्या शालनताई, बॉक्सिंगच्या चॅम्पियन, त्यांच्यावरचा सिनेमा कोल्हापुरात शूट झाला. गर्दी जमवायचं काम माझ्याकडं होतं. तेव्हापासून चहाला बसलं की मित्र तेच काढतात आणि मला काय, आग्रह लागतच नाही!

*

फायनलचा सीन एका मंगल कार्यालयात होता. दोनशे माणसं बसवली. डायरेक्टर माइकवर म्हणाले, "शेवटी निळी पडणार, लाल जिंकणार. तेव्हा टाळ्या."

पहिल्या रांगेतले फेटेवाले आजोबा ताडकन उठले. "निकाल आधीच ठरलाय? मग ही नुरा कुस्तीच की. चला रं."

चाळीस माणसं त्यांच्यामागं बाहेर! परत आणायला मला अर्धा तास लागला.

*

शालनताई रोज सेटवर यायच्या. एकदा हिरॉईननं विचारलं, "ताई, नाकावर ठोसा बसला की पहिलं मनात काय यायचं?" सगळं युनिट कान टवकारून उभं.

"नाक हाय का बघायचं," ताई म्हणाल्या.

*

निळ्या कोपऱ्यातली सोनाली खरी पैलवान, राधानगरीकडची. पहिलाच सिनेमा, हुरूप दांडगा. ठोसा बसला की तिनं पाठीवर पडायचं, रेफ्री दहा मोजणार, ती उठणार नाही, सिनेमा संपला.

ठोसा बसला. सोनाली हवेतच वळली आणि पोटावर पडली. सहा टेक झाले, पाठ काही टेकेना.

"सर, अंगच वळतंय. पाठ लागली की हरलं, असंच शिकवलंय ल्हानपणापासनं."

"अगं, हरायचंच आहे तुला!"

संध्याकाळी कार्यालय सोडायचं होतं. दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचे मांडववाले फुलं घेऊन दारात बसलेले. डायरेक्टर म्हणाले, "हिच्या जागी डमी आणा." पोरगी रडवेली झाली. मला फार वाईट वाटलं.

*

तिनं तालमीत वस्तादांना फोन लावला आणि हसत आली. "परवानगी मिळाली, सर."

ठोसा बसला, सोनाली पाठीवर! आम्ही खूश. डायरेक्टरनी मॉनिटर बघून कपाळाला हात लावला. डावा खांदा चार बोटं वर होता.

"दोन्ही खांदे टेकल्याबिगर कुस्ती जात न्हाय," सोनाली म्हणाली. "वस्तादांनी एकाचीच परवानगी दिलीया."

*

मग शालनताई उठल्या. पदर खोचून दोरातून आत शिरल्या आणि रिंगमध्ये चक्क उताण्या झोपल्या.

"ये, हितं बाजूला पड," त्या सोनालीला म्हणाल्या. "मी लई येळा अशी पडलीया. तुमच्यात पाठ लागली की खेळ संपतो. आमच्यात त्याच्यानंतर दहा मोजत्यात."

दोघी थोडा वेळ छताकडं बघत राहिल्या. मग ताई बाहेर आल्या.

पुढचा टेक. सोनाली पडली ती अशी, की फळ्या दणाणल्या. दोन्ही खांदे सपाट. डायरेक्टरनी माझा हात घट्ट धरला. रेफ्री मोजायला लागला. सहा. सात. आठ.

नऊला सोनाली उठली, दोन्ही हात तोंडापुढं धरले आणि हिरॉईनला म्हणाली, "या."