बाथरूममध्ये पडले म्हण

"लाज नाही वाटत? बापानं रिक्षा चालवून शिकवलं, आणि तू हे धंदे करतेस!"

साहेब वॉर्डाच्या मधोमध उभे राहून बोलत होते. मोठ्यानं. भोवतीच्या बायकांना मराठी कळत नाही, याची त्यांना खात्री होती. आवाज मात्र सगळ्यांना कळतो. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीनं मान फिरवली.

तिकडे तमिळ मुलखात, ओरगडमच्या कारखान्यात मी ट्रेनी होते. साहेब तिथले एचआर, पुण्याचे. मी जालन्याची. हॉस्टेलच्या खोलीत सगळ्या तमिळ मुली. त्या हसायच्या तेव्हा मीही हसायचे, कशाला ते न कळता. असं करता करता एका रविवारी मी स्वतःला इजा करून घेतली. का, ते मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही. फार एकटी पडले होते, एवढं खरं.

कितीतरी दिवसांनी कुणी माझ्याशी मराठीत बोलत होतं. आणि ते हे.

"तुम्हा लोकांना आत घेतलं की हेच." हे 'तुम्हा लोकांना' माझ्या ओळखीचं. शाळेत पाण्याच्या माठापाशी पहिल्यांदा ऐकलं होतं.

मग साहेबांनी आवाज उतरवला. "डॉक्टर आल्या की बाथरूममध्ये पडले म्हण. स्वतःहून केलेल्याला विमा मिळत नाही. आपल्याकडे सगळे असंच सांगतात. सोमवारी लाइनवर ये."

म्हणजे जखम बरी करायची आणि घरी पाठवायचं. मनाचा डॉक्टर येणार नाही. बाथरूममध्ये पडलेल्याला तो कशाला? मला तर तोच हवा होता.

साहेबांनी फोन माझ्या कानाला लावला. बाबा होते.

"पोरी, साहेब म्हणत्यात तसंच सांग. एवढं बिल आपल्याच्यानं व्हायचं नाही."

कशी आहेस, हे त्यांनी विचारलं नाही. जीभ रेटली नसेल. पण मला तेवढंच ऐकायचं होतं. मी रडले.

डॉक्टरबाई आल्या. साहेबांनीच इंग्रजीत सांगून टाकलं, बाथरूममध्ये घसरली म्हणून. अंग माझं, आणि मला कुणी विचारतच नव्हतं. डोकं सणकलं. होतं नव्हतं तेवढं तमिळ गोळा केलं.

"विळल, मॅडम. नाने पण्णिक्किट्टेन." पडले नाही. मीच केलं.

बाईंनी साहेबांना बाहेर जायला सांगितलं. जाताना ते म्हणाले, "आता भर तुझं तू."

विमा नाकारला. नोकरी गेली. बाबांची रिक्षा विकली गेली, आणि ते दुःख माझ्या उरावरून उतरत नाही. तोंड बंद ठेवलं असतं तर, असं घरी अजून म्हणतात.

आता तिकडेच, आवडी नावाच्या गावात, एका दुकानात काम करते आणि सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे जाते. रांगेत सगळ्यांसोबत कुणी ना कुणी असतं. मी एकटी. पूर्ण बरी झालेय असंही नाही.

पण एक ठरलंय. उपचारासाठी मी खोटं बोलणार नाही. आणि दुसरी कुणी पोर अशी पलंगावर दिसली, तर तिच्या वतीनं कुठल्याही साहेबाला बोलू देणार नाही. आधी तिला विचारा, म्हणेन. तिचं बोलून होईपर्यंत तिथून हलणार नाही.