मिठाचं औषध आणि तांब्याची घागर

आमच्या ह्यांची भालकीत पिठाची गिरणी होती. गिरणीचं इंजिन तेलावर चालायचं आणि त्याच इंजिनाला ह्यांनी एक डायनामो जोडला होता, एकुलता एक दिवा लावायला. लोक दिवा बघायला यायचे आणि दळण विसरून घरी जायचे.

लढाईच्या दिवसांत पटकीची साथ आली. विहिरीत टाकायची पांढरी पावडर रेल्वेनं यायची, ती यायची बंद झाली होती. तेव्हा बिदरचा डॉक्टर गिरणीत येऊन बसला आणि ह्यांना म्हणला, "मिस्त्री, नमक है, पानी है, तुम्हारा करंट है. और क्या होना?"

चिनी मातीच्या कुंडीत मिठाचं पाणी घ्यायचं. जुन्या बॅटरीतल्या कोळशाच्या दोन कांड्या त्यात सोडायच्या आणि कांड्यांना डायनामोच्या तारा जोडायच्या. इंजिन सुरू झालं की बारीक बुडबुडे सुटायचे आणि नाक झोंबणारा वास यायचा. तेच औषध. विहिरीत ओतल्यावर पाण्याला जरासा वास राहिला पाहिजे, मग रोग मेला म्हणायचं. गल्लीतल्या बायका नाक मुरडायच्या. "मरीआईला कोंबडं दिलं की झालं, हे मिठाचं खूळ कामून?" मी म्हणायची, "कोंबडं तुम्हीच खायलाव, मरीआईच्या तोंडाला कुठं लागतंय?" लई तोंड होतं मला तेव्हा.

माझी धाकटी बहीण मुडबीला दिलेली. तिथं दोन माणसं दगावली असा सांगावा आला. ह्यांनी दुपारी इंजिन चालवून औषध केलं आणि मला म्हणले, "बरणीत भरून ठेव. सकाळी तिचा दीर न्यायला येईल." आणि मुडबीपुरतं कुंडीत ठेवून बाकीचं घेऊन हे दुसऱ्या गावाला गेले.

बरणीत वर्षाचं लोणचं होतं. ते काढून तेलकट, आंबूस भांड्यात औषध भरायचं माझ्या जिवावर आलं. बहिणीच्या गावाला जायचं होतं ते. आमच्या घरात देवाचं पाणी तांब्यात, पाहुण्याचं पाणी तांब्यात. तांब्यापरीस शुद्ध काय असतंय? मी चिंच आणि राख लावून घागर घासली, लख्ख केली, औषध तिच्यात ओतलं आणि तोंडाला धुतलेलं फडकं बांधून देवाजवळ ठेवली. लई शहाणी मी!

सकाळी दीर मातीचं मडकं घेऊन आला. ओतून देताना वास जवळजवळ नव्हताच. मला वाटलं, बरंच झालं, मुडबीच्या बायका कुरकुर करणार न्हाईत. तो गेल्यावर बघितलं तर घागरीच्या बुडाला काळपट हिरवा गाळ बसला होता. तो मी घासून टाकला.

विहिरीत औषध पडलं म्हणून मुडबीचे लोक निर्धास्त झाले. पाणी उकळून प्यायचे ते बंद केलं. पाचव्या दिवशी माझ्या बहिणीला सकाळी उलट्या लागल्या आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. मी पोचले तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते आणि बोटांची कातडी सुरकुतली होती. मला रडू आलं न्हाई. मी तिच्या घरचा चुलीपुढचा केर काढला, भांडी घासली. बायका म्हणल्या, बघा, सख्खी बहीण आणि डोळ्याला पाणी न्हाई.

पुढं डॉक्टर आमच्या घरी आला. ह्यांना विचारलं, "दवा किस में रखे थे? तांबा, पितळ, लोहा लगा तो ये मर जाती."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "बरणीतच ठेवलं होतंस न्हवं?"

"व्हय," मी म्हणलं.

घागर माझ्या पाठीमागंच होती. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं मी. तोंडातून निघून गेलं आणि मग ते परत घेता आलं न्हाई.

"मग माझंच चुकलं," हे म्हणले. "तेल वाचवायला म्हणून इंजिन लवकर बंद केलं मी."

त्या दिवसापासून हे कुंडीजवळ घड्याळ घेऊन बसायचे. औषध झालं तरी इंजिन बंद करायचे न्हाईत. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता साथ गेली, रझाकाराचं साल येऊन गेलं, आणि मला काही वाटायचंच बंद झालं.

माझ्या आईनं मात्र ह्यांना तोंडावर सांगितलं होतं, "जावईबापू, तुमच्या मिठानं माझी लेक खाल्ली." तेव्हापासून आई आमच्या घरात पाण्याला शिवली न्हाई. यायची तेव्हा स्वतःचा तांब्या भरून आणायची. ह्यांना दिसायचं ते. एकदा मला म्हणले, "बरोबर आहे त्यांचं."

काही वर्षांनी हे गेले. तेराव्याला आई आली, दाराशी टेकली. ह्या वेळी हातात तांब्या नव्हता.

"दे पाणी," म्हणली. "ज्याच्यामुळं घशाखाली उतरत नव्हतं, तो गेला."

मी त्याच घागरीतून भांडं भरून दिलं. आई घटाघटा प्याली आणि भांडं परत पुढं केलं. मी परत भरून दिलं.