मामांची पाच वर्षं

मामा पत्रिका बघायला बसले की समोर एकच माणूस लागे. नवराबायको जोडीने आले तर एकाला ओट्यावर बसवत आणि दार लोटून घेत. "एक कागद, एक माणूस. गर्दीचं भविष्य मी सांगत नाही," असं त्यांचं ठरलेलं वाक्य. नोकरी बँकेत केली, पण उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या मराठी घरांत त्यांची ओळख पत्रिकावाले मामा अशीच होती. माझे ते सख्खे मामा.

कुठल्याही त्रासाची ते आधी मुदत काढत. साडेसातीने गांजलेला माणूस आला की ती कोणत्या महिन्यात सुटणार ते सांगत, मग चहा मागवत. उपाय, तोडगे यांत त्यांना रस नव्हता. "शेवट कधी ते कळलं की माणूस सोसतो," म्हणत. लोकही हलके होऊन जात. टावर चौकात भाजी घेताना कुणी हात जोडून "मामाजी, बस दो महीने और" म्हणाला की मामा त्याच्या खांद्यावर थोपटत.

त्यांची कंबर दुखायला लागली तेव्हा सगळ्यांनी वयावर ढकललं. रात्री वारंवार उठावं लागे, तेही वयावरच. तपासण्या झाल्या तोवर प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचला होता. मामी थकलेल्या, मुलगा बंगळुरूला, म्हणून इंदूरच्या खेपा माझ्याकडे आल्या. मी फाइल लावली, रिपोर्टांना चिठ्ठ्या डकवल्या, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून नेले. शेवटचा प्रश्न मामांनीच विचारला, "कितना समय?"

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, आम्ही पाच वर्षांचा हिशेब बघतो. आजार गाठीपुरता असेल तर जवळजवळ सगळे पाच वर्षं पार करतात, हाडांत गेला की अर्ध्याहून बरेच कमी. मामा डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या कानांत पाच वर्षं तेवढी राहिली.

परतताना वाटेत सांवेरला त्यांनी गाडी थांबवून कचोरी मागवली. "पाच वर्षं म्हणजे सिंहस्थ पाहून होतो बघ," म्हणाले. इतके खुशीत मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. कचोरी संपली की डॉक्टरांच्या बोलण्याचा खरा अर्थ सांगावा असं मनात होतं, पण तोवर उज्जैन आलं.

आठवड्याभरात साऱ्या फ्रीगंजला कळलं की मामाजींचे "पाँच साल पक्के". तिथवर ठीक होतं. पण इलाज म्हणून सुरू केलेल्या हार्मोनच्या इंजेक्शनने त्यांना घामाचे लोट येत. "तुझी मामी चाळिशीत पंख्याखालून का उठत नव्हती ते आत्ता कळलं," अशी थट्टाही करून झाली. मग पुढच्या इंजेक्शनची तारीख आली आणि ते म्हणाले, "शुभे, मुदत तर ठरलेली आहे. मग ही सुई कशाला?"

आता सांगणं भागच होतं. मी त्यांच्यासमोर बसले, मामी देवघरात होत्या. म्हटलं, मामा, पाच वर्षं ही मुदत नाही. तुमच्यासारखा आजार असलेली पुष्कळ माणसं घेतली आणि पाच वर्षांनी त्यांतली किती आहेत ते मोजलं, एवढंच. कुणी वर्षात गेलं, कुणी दहा वर्षांनंतरही फिरतंय. आणि ही सगळी इलाज घेतलेली माणसं आहेत.

मामा म्हणाले, "म्हणजे ही माझी पत्रिकाच नाही. गर्दीची आहे."

"हो."

"त्यात मी कुठल्यातला?"

मी डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. ते म्हणाले, हे आकडे बऱ्याच वर्षांपूर्वी आजारी पडलेल्यांचे आहेत, आता औषधं सुधारली आहेत, तुमचं याहून बरं चालू शकतं. पण एका माणसाचं कुणीच सांगू शकत नाही. मामा म्हणाले, "त्यालाही ठाऊक नाही." आणि इंजेक्शनला आले.

त्यानंतर पत्रिका दाखवायला येणाऱ्यांना मामा महिना सांगेनासे झाले. "पुष्कळांचं सुटतं, तुमचंही सुटेल" एवढंच म्हणत. लोक हिरमुसले, काही भैरवगढच्या एका पंडितजींकडे जाऊ लागले. मी औषधांच्या वेळा पाळत होते, रक्ततपासणीतले कॅन्सरचे आकडे ओळीने मांडत होते. आधी उतरले, मग थांबले, मग चढायला लागले. औषध बदललं, तरी चढतच राहिले. मला मांडण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. मामांनीही मला पुन्हा काही विचारलं नाही. आजार कळल्यानंतरचा दुसरा पाडवा त्यांनी पाहिला नाही.

यंदा उन्हाळ्यात इंदूरच्या त्या हॉस्पिटलमधून एका मुलीचा फोन आला. जुन्या पेशंटांची चौकशी करत होती. "मैडम, पेशंट कैसे हैं?" मी सांगितलं. तिने ते गेल्याची तारीख विचारली, मी दिली. कीबोर्डची टकटक ऐकू आली. हे कशासाठी लागतं, मी विचारलं.

"पाँच साल वाला रिकॉर्ड बनता है ना, मैडम। नए मरीज़ों को बताने के लिए।"

"त्यात त्यांचं नाव असतं का?" मी मराठीतच बोलून गेले. तिला कळलं असावं.

"नहीं मैडम, नाम नहीं जाता। सबके साथ जुड़ जाते हैं।"