अकरावी मागणी

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. एवढे सरकारी नोंदींवरून तपासता येते. त्याच दिवशी सौंदडला एका मांडवात दोन बहिणींची लग्ने लागली. याला मात्र एक पिवळी पडलेली लग्नपत्रिका आणि उदेभानची आठवण एवढाच आधार आहे. थोरली भागीरथा उदेभानला दिली, धाकटी सुमित्रा योगराजला. आंदणात दोन्ही जावयांना सायकली मिळाल्या. योगराजच्या सायकलीला मागे कॅरिअर होते, उदेभानच्या नव्हते. पंचवीस वर्षांनंतर, कोणी विचारलेले नसताना, उदेभानने सांगितलेली पहिली हकिकत ही.

उदेभान धान खरेदी केंद्रावर वजनकाटा सांभाळतो. पोत्यामागे शंभर ग्रॅमची खोटही त्याच्या नजरेतून सुटत नाही, असे केंद्रावरचे हमाल सांगतात. साडू योगराजचे सडक अर्जुनीला महामार्गावर टायरचे दुकान आहे. सौंदडला दोघांचीही थोडी धानाची शेती आहे. योगराज आपले धान विकून मोकळा होतो, उदेभानच्या घरी वर्षाचे धान भरून ठेवतात.

२०२३ च्या नोव्हेंबरात सडक अर्जुनीला एका ओळीत सहा घरांचे बांधकाम सुरू झाले. बिल्डर धर्मेंद्र गोंदियाचा, बोलणे निम्मे हिंदी. योगराजने चौथे घर धरले. त्यानंतर एके दिवशी बसमधून जाताना उदेभानला दिसले की अर्धवट भिंतीपाशी योगराज आणि धर्मेंद्र एकमेकांच्या हातावर टाळी देऊन हसत आहेत. बस पुढे गेली. आठवड्याच्या आत उदेभानने पाचव्या घराचा इसार दिला. नव्या घराचा विषय भागीरथा दहा वर्षे काढत होती आणि तो दहा वर्षे टाळत होता. त्याचे मन आठ दिवसांत कसे पालटले, याचे दुसरे कारण मला सापडलेले नाही.

भागीरथाची अट एकच होती: मागच्या खोलीत ढोली मावली पाहिजे. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली धानाची मोठी कणगी. ही तिच्या माहेरची, तळाशी पाच फूट रुंद. नकाशात मागची खोली सात फूट होती, म्हणजे ढोली ठेवून बाजूने वावरता आले असते. ही अट उदेभानने बिल्डरसमोर मांडलीच नाही, कारण योगराजने तसे काही मागितल्याचे त्याच्या कानावर नव्हते.

त्याने काय काय मागितले, हे त्याच्याच हस्ताक्षरात उपलब्ध आहे. वजनाच्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूला त्याने दोन रकाने पाडले होते, ‘यो.’ आणि ‘मी’. पहाटे मजूर येण्यापूर्वी तो फीत घेऊन चौथ्या घरात शिरायचा, मापे घ्यायचा आणि पहिला रकाना भरायचा. एकदा सुमित्रा भिंतींना पाणी मारायला लवकर आली आणि तो सापडला.

“भाऊजी, काही हरपलं का जी?”

भिंत सरळ आहे की नाही ते पाहतो आहे, असे त्याने सांगितले.

“मंग आमची कायले मोजून राहिले? तुमची भिंत तिकडं हाये.”

हे सांगताना सुमित्रा हसली. उदेभानने हा प्रसंग सांगितलाच नाही.

बिल्डरशी पाच बैठका झाल्या. स्वयंपाकाचा ओटा काळ्या दगडाचा, खिडक्यांना जाड गज, अंगणात वेगळा नळ, अशा मागण्या उदेभान एकेक करून पुढे ठेवी आणि धर्मेंद्र उसासा टाकून मान्य करी. योगराजला काय भावाने दिले, हा प्रश्न मात्र तो प्रत्येक वेळी टोलवी. “वो बात वो जाने, मैं जानूँ. आप अपना बोलो, भाऊ.” या एका वाक्याने उदेभानची खात्री पटली की आत काहीतरी शिजले आहे.

दहा मागण्यांनंतर ‘यो.’चा रकाना संपला. बरोबरी झाली होती. उदेभानला बरोबरी नको होती.

“त्याची परछी सहा फूट हाये. मले आठ पाह्यजे,” तो म्हणाला. परछी म्हणजे घरापुढची ओसरी. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते ती तेवढीच.

“आगे रोड है, भाऊ. दो फूट पीछे से जाएँगे, पिछली खोली में से.”

“जाऊ द्या. मागं कोन पाह्यते?”

घरी येऊन त्याने हे उत्तर भागीरथाला मोठ्या समाधानाने ऐकवले.

येथे दोन नोंदी आवश्यक आहेत. बिल्डरने छापलेले माहितीपत्रक उदेभानच्याच कपाटात, घडी न मोडलेले सापडले. अकरापैकी दहा सोयी त्यात सहाही घरांसाठी छापलेल्या आहेत. त्याने झगडून मिळवलेली एकच गोष्ट म्हणजे परछीचे दोन फूट. आणि चौथ्या व पाचव्या घराच्या नोंदणीकृत खरेदीखतांत किंमत एकच आहे. ही खते समोर ठेवली तेव्हा उदेभान म्हणाला, “हे कागदावरचं झालं.”

२०२४ च्या दसऱ्याला दोन्ही कुटुंबे राहायला आली. सौंदडहून ट्रॅक्टरवर ढोली आली. पाच फुटांच्या खोलीत ती शिरली असती तर दार उघडले नसते. भागीरथाने फीत मागितली नाही; वितीने उंबरठा मोजला आणि ट्रॅक्टरवाल्याला ढोली चौथ्या घरी उतरवायला सांगितली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “मागं पाहनारी मीच होती ना, अजी.”

धान मळून आले ते योगराजच्या मागच्या खोलीत गेले. दर आठवड्याला भागीरथा डबा घेऊन बहिणीकडे जाते आणि भरून आणते. परछीत बसलेल्या उदेभानला तिचे जाणे दिसते, येणे दिसते. आत दोघी बहिणींचे हसणेही ऐकू येते. ते तो त्या बसमधून पाहिलेल्या हसण्याला जोडतो.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, आदल्या दिवशी भागीरथाने परछीत खडूने पाच फुटांचे वर्तुळ काढले. ढोली इथे आणू, म्हणाली. उदेभानने हिशोब केला: आठातून पाच गेले, उरले तीन. योगराजची सहाची सहा. तो नको म्हणाला, पण वर्तुळ पुसले नाही. मंडईला आलेले पाहुणे त्याच्या परछीत बसले, परछीची वाहवा केली आणि ते वर्तुळ कसले, असे विचारत राहिले. भात साडूकडच्या ढोलीतल्या धानाचा होता.

त्या संध्याकाळी उदेभानने शेवटी योगराजला विचारले, “साडभाऊ, त्या दिवशी बिल्डरसंगं काऊन हासून राहिला होतास?”

योगराजने खरोखर आठवून पाहिले. “कोन्त्या दिवशी?” तो म्हणाला.

उदेभान मानतो की तो लपवतो आहे. धर्मेंद्र म्हणतो की तो सगळ्याच गिऱ्हाइकांना टाळी देतो. सुमित्राच्या मते त्या दिवशी योगराज दुकानातून हललाच नव्हता. तिन्ही सांगणी एकमेकांशी जुळत नाहीत आणि चौथा साक्षीदार नाही. वर्तुळ मार्चपर्यंत फिकट होत गेले. ढोली चौथ्या घरीच आहे. योगराज आणि बिल्डर कशावर हसले, किंवा हसलेला माणूस योगराजच होता का, हे अजून ज्ञात नाही.